विमानातील पॉवर बँक: एका नियमाची जडणघडण

विमानाने प्रवास करणाऱ्याला आज पॉवर बँकेविषयी दोन सूचना वारंवार ऐकाव्या लागतात: ती चेक-इन सामानात ठेवू नये, आणि सोबत प्रवासी कक्षात आणली तरी डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये. वरवर पाहता या सूचना व्यवहारज्ञानाशी विसंगत वाटतात, कारण एखादी वस्तू पेट घेण्याचा संभव असेल तर ती माणसांपासून जितकी लांब राहील तितके बरे, असेच कोणीही म्हणेल. नागरी विमान वाहतुकीने मात्र गेल्या पाव शतकात नेमका उलटा धडा गिरवला असून, पेट घेऊ शकणारी बॅटरी माणसाच्या नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यातच असली पाहिजे, या निष्कर्षाप्रत ती अनेक अपघातांनंतर पोचली आहे. हे नियम कोण्या एका समितीने एका बैठकीत आखलेले नाहीत. मालवाहू विमानांचे अपघात, सदोष बॅटऱ्या परत मागवण्याची उत्पादकांवर आलेली नामुष्की, प्रयोगशाळांतील चाचण्या आणि धावपट्टीलगत जळून गेलेले एक प्रवासी विमान यांच्या मागोमाग त्यांतले एकेक कलम लिहिले गेले.

विमान वाहतुकीतील ‘धोकादायक माल’ ही संकल्पना लिथियम बॅटरीपेक्षा जुनी आहे. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमधील प्रेस्टविककडे निघालेले पॅन अमेरिकन कंपनीचे मालवाहू बोइंग ७०७ नायट्रिक आम्लाच्या गळतीमुळे धुराने भरले आणि बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात कोसळून त्यातील तिन्ही कर्मचारी मरण पावले. आम्लाच्या बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता, आणि माल बांधणाऱ्यांपासून तो विमानात चढवणाऱ्यांपर्यंत कोणालाही नियमांची पुरेशी जाण नव्हती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे माँट्रियल येथे मुख्यालय असलेल्या आयकाओने, १९८१ मध्ये शिकागो कराराला अठरावे परिशिष्ट जोडले आणि धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीला जगभर समान चौकट मिळाली. भारतात याच चौकटीला अनुसरून २००३ साली धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचे स्वतंत्र नियम करण्यात आले. स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव असे मालाचे नऊ वर्ग त्यात आहेत आणि लिथियम बॅटऱ्या ‘इतर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नवव्या वर्गात मोडतात. माल पाठवणारा व्यापारी असतो, तो मालाचे स्वरूप जाहीर करतो, पेटीवर खूण करतो आणि ती खूण पाहून विमान कंपनी माल स्वीकारते किंवा नाकारते, असे या चौकटीचे गृहीतक होते. प्रवाशाच्या खिशातील वस्तूंना तिच्यात अपवादापुरतेच स्थान होते.

या चौकटीतील आणखी एक समजूत ११ मे १९९६ रोजी मोडीत निघाली. त्या दिवशी व्हॅल्यूजेट कंपनीचे एक प्रवासी विमान मायामीहून उड्डाण केल्यावर काही मिनिटांतच फ्लोरिडातील दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जण मृत्युमुखी पडले. सामानकक्ष हवाबंद ठेवला की आत लागलेली आग प्राणवायूअभावी आपोआप विझेल, या भरवशावर अशा विमानांच्या सामानकक्षात ना धूर ओळखणारी यंत्रणा होती, ना आग विझवणारी. प्रत्यक्षात त्या कक्षात रासायनिक क्रियेतून प्राणवायू निर्माण करणारी जुनी उपकरणे ठेवलेली होती, त्यामुळे आगीला बाहेरच्या हवेची गरजच उरली नाही. यानंतर अमेरिकेने प्रवासी विमानांच्या सामानकक्षांत धूरसूचक आणि अग्निशामक यंत्रणा सक्तीची केली. मात्र स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवणारी आग हा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही, कारण असाच गुण असलेली एक वस्तू तोवर घरोघरी पोचू लागली होती.

ती वस्तू म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. स्टॅन्ले व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून ती साकारली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली. हिच्या घटात धन आणि ऋण असे दोन विद्युतध्रुव असतात, त्यांच्यामध्ये सूक्ष्म छिद्रांचा अतिशय पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो, आणि सगळे घटक ज्वालाग्राही सेंद्रिय द्रवात भिजलेले असतात. हा पडदा निर्मितीतील दोषाने, दाबाने, आपटल्याने किंवा उष्णतेने फाटला, तर दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडून आतल्या आत शॉर्टसर्किट होते. त्यातून तापमान वाढते, वाढलेल्या तापमानाने रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात, आणि काही क्षणांत हा प्रकार आवरण्यापलीकडे जातो. तंत्रज्ञ याला ‘थर्मल रनअवे’, म्हणजे अनावर तापवाढ, असे म्हणतात. कोबाल्ट ऑक्साइडसारखा धनध्रुव तापल्यावर प्राणवायू सोडतो, द्रवाच्या विघटनातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांसारखे वायू बाहेर पडतात, आणि एका घटाची धग शेजारच्या घटाला पेटवते. पुन्हा चार्ज न होणारी लिथियम धातूची बॅटरी ही हिची थोरली बहीण. तिच्यात प्रत्यक्ष लिथियम धातूच असल्याने तिची आग विझवणे त्याहूनही अवघड ठरते.

पहिला इशारा या थोरल्या बहिणीनेच दिला. २८ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर, जपानहून प्रवासी विमानाने आलेल्या एक लाखाहून अधिक लिथियम धातूच्या बॅटऱ्यांचा माल उतरवल्यानंतर पेटला. हाताळणीत पेट्यांना धक्का बसल्याचे निमित्त झाले, आणि विझली असे वाटल्यानंतरही ती आग पुन्हा भडकली. हा माल काही तास आधी प्रवाशांच्या पायाखालच्या कक्षात होता, ही गोष्ट अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने गांभीर्याने घेतली. पुढे न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीजवळच्या, अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या तांत्रिक केंद्रात चाचण्या झाल्या, तेव्हा सामानकक्षातील आग विझवण्यासाठी सर्वत्र वापरला जाणारा हॅलॉन वायू लिथियम धातूच्या आगीपुढे निष्प्रभ ठरतो असे दिसून आले. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत तो ज्वाळा दाबतो, परंतु एका घटाकडून दुसऱ्याकडे सरकणारी तापवाढ त्याला रोखता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेने लिथियम धातूच्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवण्यास बंदी घातली.

यानंतर दोन वर्षांच्या आतच लक्ष लिथियम-आयनकडे वळले. ७ फेब्रुवारी २००६ च्या मध्यरात्री यूपीएस या मालवाहतूक कंपनीचे डीसी-८ विमान धूर येत असतानाच फिलाडेल्फियाला उतरले. तिघे कर्मचारी सुखरूप बाहेर पडले, परंतु विमान जळाले. आगीचे मूळ शेवटपर्यंत निश्चित झाले नाही, तरी मालात लॅपटॉप आणि त्यांच्या बॅटऱ्या असल्याने चौकशीचा मोठा भाग त्यांच्यावरच केंद्रित झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोनीने बनवलेल्या सदोष घटांमुळे डेल कंपनीने सुमारे ४१ लाख आणि अ‍ॅपलने सुमारे १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. घटात राहून गेलेले धातूचे सूक्ष्म कण पडदा भेदू शकतात हे यातून उघड झाले, आणि नामांकित कंपनीचा शिक्का ही सुरक्षिततेची हमी नव्हे हेही स्पष्ट झाले.

आजच्या नियमांचा पाया या पार्श्वभूमीवर घातला गेला. १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेत सुटी लिथियम बॅटरी, म्हणजे कोणत्याही उपकरणात न बसवलेली बॅटरी, चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई करण्यात आली. तिने प्रवाशाबरोबर प्रवासी कक्षात यावे आणि तिची टोके नाणी, किल्ल्या यांसारख्या धातूच्या वस्तूंना लागणार नाहीत अशी झाकलेली असावीत, असे ठरले. यामागचा विचार सरळ होता. सामानकक्षात पेटलेल्या बॅटरीपर्यंत उड्डाणात कोणीही पोचू शकत नाही, तिथे असतो तो केवळ हॅलॉन. प्रवासी कक्षात मात्र धूर दिसतो, वास येतो, आणि पाणी ओतायला माणूस असतो. बॅटरी पेटणारच नाही अशी खात्री देणे नियमकर्त्यांच्या हातात नव्हते, म्हणून पेटलीच तर ती कोठे पेटावी हे त्यांनी ठरवले.

त्याच सुमारास मर्यादाही ठरल्या आणि हळूहळू आंतरराष्ट्रीय झाल्या. सुरुवातीला त्या लिथियमच्या ग्रॅममध्ये सांगितल्या जात, आणि प्रवाशाला ते मोजणे अशक्य होते. पुढे वॉट-अवर हे ऊर्जेचे एकक रूढ झाले. शंभर वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवाना नेता येते, शंभर ते एकशे साठ वॉट-अवर क्षमतेच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने जास्तीत जास्त दोन नेता येतात, आणि त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. बाजारात पॉवर बँकेवर ठळकपणे छापलेला असतो तो मिलिअँपिअर-अवरचा आकडा. त्याला घटाच्या व्होल्टने, म्हणजे साधारणपणे ३.७ ने, गुणून हजाराने भागले की वॉट-अवर मिळतात. त्यानुसार १०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३७ वॉट-अवरची भरते, २०,००० ची ७४ ची, आणि शंभरची मर्यादा सुमारे २७,००० ला गाठली जाते.

प्रवाशांच्या सामानाचा प्रश्न असा मार्गी लागत असताना मालवाहतुकीत मात्र फारसा बदल झाला नव्हता. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएसचे बोइंग ७४७ जातीचे मालवाहू विमान हाँगकाँगहून आणलेला माल घेऊन दुबईहून जर्मनीतील कलोनकडे निघाले. मालात ८१,००० हून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर सुमारे बावीस मिनिटांनी वरच्या मालकक्षातील आगीची घंटा वाजली. विमान तेव्हा बहरीनच्या हवाई हद्दीत होते आणि दोहा तुलनेने जवळ असल्याचे तेथील नियंत्रकाने सांगितले, तरी वैमानिकांनी दुबईला परतण्याचे ठरवले. या कक्षात आग विझवणारा वायूच नव्हता. विमानातील हवेचा दाब कमी करून आगीचा प्राणवायू तोडायचा, अशी तिथली योजना होती, आणि बॅटरीच्या आगीवर ती लागू पडणारी नव्हती.

पुढचा घटनाक्रम संयुक्त अरब अमिरातीच्या चौकशी अहवालात मिनिटामिनिटाने नोंदवलेला आहे. घंटेनंतर काही मिनिटांतच आगीने विमान वळवणाऱ्या नियंत्रण तारा कमकुवत केल्या, कॉकपिट इतके धुराने भरले की समोरची उपकरणे दिसेनाशी झाली, आणि मुख्य वैमानिकाच्या मुखवट्यातील प्राणवायू बंद पडला. पर्यायी प्राणवायू शोधण्यासाठी ते आसनावरून उठले ते परत आलेच नाहीत. सहवैमानिक एकटाच उरला. त्याला रेडिओवरचा आकडाही दिसत नसल्याने वारंवारिता बदलता येईना, त्यामुळे दुबईच्या नियंत्रकांशी त्याचे थेट बोलणे होऊ शकले नाही आणि आसपास उडणाऱ्या इतर विमानांचे वैमानिक निरोप्याचे काम करत राहिले. उंची किती, वेग किती, विमानतळ कोणत्या बाजूला, हे सारे तो त्यांच्यामार्फत विचारत होता. विमान दुबईच्या धावपट्टीवरून फार उंचावरून पुढे निघून गेले आणि पहिल्या घंटेनंतर अर्ध्या तासाच्या आतच शहरालगतच्या लष्करी तळाच्या परिसरात कोसळले. दोन्ही वैमानिक मरण पावले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, एशियाना कंपनीचे ७४७ मालवाहू विमान दक्षिण कोरियातील इंचॉनहून शांघायला जाताना मालातील आगीनंतर जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळून आणखी दोन वैमानिकांचा बळी गेला. त्याच्याही मालात इतर ज्वालाग्राही पदार्थांबरोबर लिथियम-आयन बॅटऱ्या होत्या, मात्र आगीचे नेमके कारण चौकशीत सिद्ध होऊ शकले नाही.

जानेवारी २०१३ मध्ये हा प्रश्न विमानाच्या स्वतःच्या बॅटरीपर्यंत येऊन ठेपला. बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरमधील लिथियम-आयन बॅटरी पेटली, आणि नऊ दिवसांनी ऑल निप्पॉन एअरवेजच्या दुसऱ्या ड्रीमलायनरला बॅटरीतील बिघाडामुळे जपानमधील ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. जगभरातील ड्रीमलायनर जमिनीवर आणले गेले आणि एअर इंडियाची सहा विमानेही त्यात अडकली. बॅटरीभोवती पोलादी पेटी आणि वायू विमानाबाहेर सोडणारी नळी बसवल्यावरच उड्डाणे पुन्हा सुरू झाली. इथेही उपाय तोच होता: बॅटरी पेटणार नाही असे गृहीत न धरता, पेटली तरी निभावेल अशी तजवीज करणे.

आयकाओने अखेरीस मालवाहतुकीचा प्रश्न दोन टप्प्यांत सोडवला. २०१५ च्या आरंभापासून लिथियम धातूच्या, आणि १ एप्रिल २०१६ पासून लिथियम-आयनच्या सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास जगभर बंदी झाली. मालवाहू विमानातून नेताना लिथियम-आयन बॅटरी तीस टक्क्यांहून अधिक चार्ज केलेली नसावी अशीही अट आली, कारण घटात साठवलेली ऊर्जा जितकी कमी, तितकी तापवाढ मंद असते. या निर्णयाने एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. व्यापाऱ्याने पेटीत बांधलेली, चाचणी झालेली आणि कागदपत्रांसह जाहीर केलेली बॅटरी प्रवासी विमानातून जाऊ शकत नव्हती, परंतु दीडदोनशे प्रवाशांच्या खिशात आणि पिशव्यांत मिळून शेकडो बॅटऱ्या रोज उडत होत्या, आणि त्या किती चार्ज आहेत, कधी आपटल्या आहेत, कोणी बनवल्या आहेत, हे विचारणारे कोणी नव्हते.

या गर्दीत पॉवर बँक उशिरा आली. फोनची बॅटरी काढून दुसरी घालण्याची सोय नाहीशी होऊ लागली आणि फोनवरचे काम मात्र वाढत गेले, तेव्हा तिला मागणी आली. विमान वाहतुकीच्या नियमांत ती उपकरण मानली जात नाही, कारण तिचे काम दुसऱ्याला वीज पुरवणे एवढेच आहे; ती सुटी बॅटरी मानली जाते, आणि म्हणूनच लॅपटॉप बंद करून चेक-इन सामानात देता येतो, पॉवर बँक देता येत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र नियम करण्यात चीनने आघाडी घेतली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तेथील नागरी विमान वाहतूक प्रशासनाने शंभर आणि एकशे साठ वॉट-अवरच्या मर्यादा पॉवर बँकेला लागू केल्या, जिच्यावर क्षमता छापलेली नाही ती नेण्यास मनाई केली, आणि उड्डाणात तिच्यावरून फोन चार्ज करण्यावरही बंदी घातली. जगातील बहुतेक देशांना या शेवटच्या कलमापर्यंत येण्यास आणखी दहा-अकरा वर्षे लागली.

मधल्या काळात लोकांच्या लक्षात राहिला तो सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७. ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आलेला हा फोन पेट घेऊ लागल्याने कंपनीने तो परत मागवला, परंतु बदलून दिलेल्या फोनपैकी एक ५ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील लुइव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात धुमसला आणि विमान रिकामे करावे लागले. दहा दिवसांनी अमेरिकेने या फोनला विमानात पूर्ण बंदी केली. त्याआधी सप्टेंबरमध्ये सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातील एका जुन्या नोट २ फोनमधून धूर येऊ लागला होता. कर्मचाऱ्यांनी अग्निशामक वापरून तो फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकला. नोट ७ ची बंदी एका मॉडेलपुरती होती, तर चेन्नईच्या घटनेतला फोन कोणत्याही बंदीत मोडणारा नव्हता. धोका एका मॉडेलचा नसून सगळ्याच बॅटऱ्यांचा आहे, ही गोष्ट या दोन घटना शेजारी ठेवल्यावर स्पष्ट दिसते.

मार्च २०१७ मध्ये घातपातविरोधी सुरक्षा आणि अग्निसुरक्षा यांची प्रथमच उघड टक्कर झाली. उपकरणांत स्फोटके दडवली जाण्याच्या भीतीने अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा यांच्यासह पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना स्मार्टफोनपेक्षा मोठी उपकरणे प्रवासी कक्षात आणण्यास मनाई केली, आणि मुंबईहून आखातमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या अनेकांचे लॅपटॉप सामानकक्षात गेले. ब्रिटनने आपली वेगळी यादी जाहीर केली. बॅटऱ्यांचा असा साठा पायाखाली ठेवणे हा नवाच धोका असल्याचे युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने लगोलग बजावले. अमेरिकेने जुलैपर्यंत, विमानतळांवरील तपासणी कडक करून, ही बंदी मागे घेतली. त्याच वर्षी अमेरिकी तांत्रिक केंद्राने केलेली एक चाचणी बोलकी होती: सामानाच्या बॅगेत लॅपटॉपजवळ ड्राय शाम्पूच्या फवाऱ्याचा एक डबा ठेवून बॅटरी तापवली असता मिनिटभरातच डब्याचा स्फोट झाला, आणि हॅलॉनला काही करण्याइतका अवधीच मिळाला नाही.

तरीही एक दुवा दुर्लक्षित राहिला होता. हातसामान म्हणजे प्रत्यक्षात बहुतांशी डोक्यावरच्या बंद कप्प्यातले सामान, आणि तो कप्पा माणसाच्या नजरेपासून जवळजवळ सामानकक्षाइतकाच दूर असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये चीनमधील ग्वांगझू येथे प्रवासी विमानात चढत असताना अशा कप्प्यातील पिशवीत पॉवर बँक पेटली. विमान जमिनीवर असल्याने अनर्थ टळला. सात वर्षांनी, २८ जानेवारी २०२५ च्या रात्री, दक्षिण कोरियातील बुसानच्या गिम्हे विमानतळावर हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या एअरबस ए३२१ विमानात मागच्या बाजूच्या एका कप्प्यातून ज्वाळा निघाल्या. १६९ प्रवासी आणि सात कर्मचारी असे सर्व १७६ जण आपत्कालीन घसरपट्ट्यांवरून बाहेर पडले, परंतु विमानाचे छत लांबवर जळून उघडे पडले. मार्चमध्ये जाहीर झालेल्या प्राथमिक निष्कर्षानुसार, एका पॉवर बँकेतील विद्युतरोधक आवरण निकामी झाल्याने ही आग लागली असण्याची शक्यता आहे. विमान आणखी थोड्या वेळाने हवेत असते तर काय झाले असते, हा प्रश्न मग आशियातील प्रत्येक नियामकापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर काही आठवड्यांतच मिळू लागले. दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. ती प्रवाशाने अंगावर किंवा समोरच्या खिशात ठेवावी आणि तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत किंवा ती पिशवीत बंद करावी, असे ठरवले. तैवान आणि थायलंडच्या प्रमुख कंपन्यांनी मार्चमध्ये, सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून उड्डाणातील वापरावर निर्बंध आणले, आणि हाँगकाँगने ७ एप्रिलपासून वापर व कप्प्यात ठेवणे या दोन्हींवर बंदी घातली. जपानने जुलैमध्ये कप्प्याचा नियम स्वीकारून, चार्जिंग करायचेच तर ते नजरेसमोर करावे अशी सूचना दिली. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून प्रत्येकी एकच, शंभर वॉट-अवरपेक्षा कमी क्षमतेची पॉवर बँक नेण्यास मुभा ठेवून तिचा वापर बंद केला.

चीनने मात्र प्रश्न मुळापाशी हाताळण्याचा प्रयत्न केला. २०२५ च्या जूनमध्ये रोमॉस कंपनीने ४ लाख ९० हजारांहून अधिक आणि अँकरने ७ लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या, आणि घट पुरवणाऱ्या कारखान्याच्या मालाविषयी शंका निर्माण झाल्या. २८ जूनपासून चीनमधील देशांतर्गत उड्डाणांत थ्री-सी हे सक्तीचे गुणवत्ता चिन्ह नसलेली, किंवा परत मागवलेल्या मॉडेलची पॉवर बँक नेण्यास बंदी आली, आणि विमानतळांवर जप्त केलेल्या पॉवर बँकांच्या राशी साचल्या. तरीही १८ ऑक्टोबर रोजी हांगझूहून सेऊलला जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानात कप्प्यातील लिथियम बॅटरी पेटली आणि विमान शांघायला वळवावे लागले.

दुसऱ्याच दिवशी, १९ ऑक्टोबरला, दिल्लीहून नागालँडमधील दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती तत्काळ विझवली आणि कोणालाही इजा झाली नाही. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये विमान कंपन्यांना दिलेल्या सूचनेत पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या हातसामानातच असाव्यात, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नयेत, आणि उड्डाणात पॉवर बँकेवरून उपकरणे चार्ज करू नयेत, असे स्पष्ट केले.

हे सारे नियम शेवटी ज्या एका कृतीसाठी आहेत, ती कृती साधी आहे. बॅटरी पेटल्यास केबिन कर्मचारी प्रथम हॅलॉनच्या नळकांड्याने ज्वाळा विझवतात, आणि मग पाणी किंवा हाताशी असलेले कोणतेही मद्यविरहित पेय तिच्यावर ओतत राहतात; ज्वाळा गेल्या तरी घट आतून तापलेलेच असतात, आणि शेजारचे घट पेटू नयेत म्हणून त्यांना थंड करणे हेच खरे काम असते. बर्फ टाकण्यास किंवा बॅटरी कापडात गुंडाळण्यास मनाई असते, कारण त्याने उष्णता आतच कोंडते. फोन आसनाच्या फटीत पडल्यास आसन हलवू नका, ही सूचनाही याच कुळातली. हलत्या आसनाखाली चिरडलेला फोन म्हणजे फाटलेला पडदा. या कृतीला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे आग कोठे आहे हे काही सेकंदांत कळणे, आणि बंद कप्पा नेमके तेच हिरावून घेतो.

२००८ चा नियम आणि २०२५ चा नियम यांच्यामध्ये सतरा वर्षे गेली, परंतु त्यांचे तर्कशास्त्र एकच आहे. पहिल्याने बॅटरीला सामानकक्षातून प्रवासी कक्षात आणले आणि दुसऱ्याने तिला कप्प्यातून माणसाच्या हाताशी आणले. उरलेल्या त्रुटी विमानतळावर सुटण्यासारख्या नाहीत. क्षमतेचा खोटा आकडा, निकृष्ट घट आणि परत मागवलेला पण ग्राहकापर्यंत निरोप न पोचलेला माल यांची जबाबदारी उत्पादकांची आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणांची आहे, आणि विमान वाहतुकीचे नियामक त्यांच्या अपयशाची झळ तेवढी कमी करू शकतात. प्रवाशाच्या वाट्याला येणारे काम त्या मानाने फार थोडे आहे. पॉवर बँकेवरचे वॉट-अवर वाचून पाहावेत, फुगलेली किंवा आपटलेली असेल तर ती घरीच ठेवावी, प्रवासात ती समोर दिसेल अशी ठेवावी, आणि ती गरम झाल्याची शंका आली तर संकोच न करता कर्मचाऱ्याला तत्काळ हाक मारावी.